गोव्याच्या दमट हवेत मोठा प्लाझ्मा टीव्ही कसा सांभाळावा

प्लाझ्मा टीव्ही बनायचे बंद होऊन दहा वर्षांहून अधिक काळ झाला. तरी फोंडा, डिचोली, पेडणे, साखळी या भागांत आजही कितीतरी घरांच्या हॉलमध्ये ४२ किंवा ५० इंची प्लाझ्मा रोज संध्याकाळी लागतो. हा अजून किती वर्षे चालेल, आणि दुरुस्तीला पैसे घालावेत की सरळ नवा एलईडी आणावा, असे घरोघरी विचारले जाते.

माझे मत आधीच सांगतो. प्लाझ्माचा काचेचा पडदा वय झाले म्हणून सहसा जात नाही. गोव्यात या संचाचे चार शत्रू आहेत: दमट हवा, किनाऱ्याचा खारा वारा, विजेचा दणका, आणि पडद्यावर तासन्‌तास एकाच जागी बसून राहिलेली चिन्हे. चारही गोष्टी घरच्या घरी आटोक्यात ठेवता येतात. पॅनेल, म्हणजे हा काचेचा पडदा, धड असेल तर हा संच ठेवावा, जपावा, आणि अंधाऱ्या खोलीत त्यावर सिनेमा पाहावा. पॅनेललाच दुखापत असेल तर मात्र एक रुपयाही घालू नये. खालचे सगळे या एका फरकावर उभे आहे.

पडदा चालतो कसा, आणि किती चालतो

दोन काचांच्या मध्ये लाखो बारीक खोल्या असतात आणि त्यांत निऑन व झेनॉन वायूंचे मिश्रण भरलेले असते. विजेचा झटका बसला की वायू पेटतो आणि अतिनील किरण सोडतो. ते किरण खोलीच्या आतल्या लाल, हिरव्या किंवा निळ्या फॉस्फरवर, म्हणजे चमकणाऱ्या लेपावर, पडतात आणि रंग उमटतो. १९६४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी हे तंत्र काढले. ४२ इंची रंगीत संच बाजारात यायला मात्र १९९७ उजाडले.

यातला प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, मागे दिवा नसतो. म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो, बाजूला बसून पाहिले तरी रंग उडत नाहीत, आणि धावणारा चेंडू फराटा न सोडता दिसतो. पायोनियरचे कुरो संच आणि पॅनासॉनिकची २०१३ची शेवटची मालिका यांचे नाव जाणकार अजून काढतात, ते त्या काळ्या रंगासाठी. पायोनियरने माघारीची घोषणा २००९ मध्ये केली, पॅनासॉनिकने २०१३च्या अखेरीस उत्पादन थांबवले, सॅमसंग आणि एलजी २०१४ मध्ये बाहेर पडले.

आता आयुष्य. सुरुवातीच्या संचांसाठी ३०,००० तास हा आकडा दिला जाई. पुढे ६०,००० आणि शेवटी १,००,००० तासांपर्यंत दावे गेले. हे तास म्हणजे पडदा बंद पडायची वेळ नव्हे. तेवढ्या तासांनी उजेड सुरुवातीच्या निम्म्यावर येतो, इतकाच त्याचा अर्थ. रोज सहा तास टीव्ही लागला तर वर्षाला सुमारे २,२०० तास होतात. त्या हिशेबाने ३०,००० तासांनाही साडेतेरा वर्षे लागतात आणि ६०,००० तासांना सत्तावीस. आणि उजेड असा हळूहळू उतरतो की घरच्यांच्या लक्षातही येत नाही.

फॉस्फरच्या आधी थकतो तो मागचा वीजपुरवठ्याचा बोर्ड. त्यातले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, उष्णतेने सुकतात. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरले तर कपॅसिटरचे आयुष्य जवळपास दुप्पट होते. मे महिन्यात खोलीच ३३ अंशांवर असते, त्यात टीव्ही कपाटाच्या कोनाड्यात घट्ट बसवलेला असेल तर आत काय होत असेल, पाहा.

आधी तपासणी

घरचा जुना संच असो वा कोणाकडून घ्यायचा असो, पैसे खर्चण्याआधी अर्धा तास काढून तपासणी करा. एका पेनड्राइव्हवर १९२० बाय १०८० आकाराची सहा चित्रे करून घ्या: पूर्ण पांढरे, पूर्ण काळे, लाल, हिरवे, निळे आणि गडद राखाडी. संगणकावरच्या कुठल्याही साध्या चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये पाच मिनिटांत होतात. टीव्हीला यूएसबी नसेल तर ती स्ट्रीमिंग स्टिकवरून किंवा लॅपटॉपवरून दाखवा. खोलीत अंधार करा आणि संच वीस मिनिटे चालू राहू द्या, थंड पॅनेलवर निष्कर्ष काढू नका.

पांढऱ्यावर पिवळट डाग दिसतात का ते पाहा. तिन्ही फॉस्फरांत निळा सर्वांत लवकर थकतो, त्यामुळे झिजलेली जागा पांढऱ्यावर पिवळसर दिसते. वरचा उजवा कोपरा आणि तळाची पट्टी नीट न्याहाळा. वाहिनीचा लोगो तिथेच असतो आणि बातम्यांची पट्टीही तिथेच धावते. दोन्ही बाजूंना उभे पट्टे उजळ आणि मधला भाग मळकट दिसला, तर त्या संचावर वर्षानुवर्षे जुन्या चौकोनी आकाराचे कार्यक्रम पाहिले गेले आहेत: मधला भाग झिजला, बाजू तशाच राहिल्या.

राखाडीवर हेच सगळे आणखी स्पष्ट दिसते. लाल, हिरव्या, निळ्यावर बंद पडलेले ठिपके शोधा. पन्नास इंचांवर दोन-चार ठिपके गेलेले असले तर बसल्या जागेवरून दिसणारही नाहीत, ते सोडून द्या.

काळ्यावर दोन गोष्टी पाहायच्या. पडदा कितपत काळा आहे, आणि त्यावर लाल-हिरव्या बारीक ठिणग्या चमकतात का. थंड असताना चमकून दहा मिनिटांत थांबणाऱ्या ठिणग्या बहुधा व्होल्टेज थोडे सरकल्याची खूण असते, जाणकार मेकॅनिक ते जुळवून देऊ शकतो. गरम झाल्यावरही त्या वाढत जात असतील तर असा संच घेऊ नका.

मग रेघा. माझ्या मते ही तपासणीतली सर्वांत महत्त्वाची बाब आहे. आडवी रेघ, आडवा पट्टा, किंवा पडद्याचा वरचा वा खालचा अर्धा भाग काळा असेल, तर दोष बहुतेक वेळा मागच्या बफर बोर्डात (पडद्याच्या ओळींना वीज पोचवणाऱ्या बोर्डात) किंवा त्याच्या पट्टीच्या केबलमध्ये असतो, आणि तो दुरुस्त होतो. वरपासून खालपर्यंत एकच उभी बारीक रेघ असेल, तर काचेला चिकटवलेल्या पातळ फितीचा सांधा सुटलेला असण्याची शक्यता मोठी. त्यावर परवडणारा उपाय नाही. विकणारा 'वायर हलवली की जाते' म्हणाला तर त्यालाच ती हलवून दाखवायला सांगा.

हॉटेलांतून निघालेले संच गोव्यात बरेच फिरतात. स्वस्त मिळतात, पण दोन गोष्टी बघाव्या लागतात. रिसेप्शनला किंवा बारमध्ये लावलेल्या संचावर स्वागताचा फलक किंवा क्रीडा वाहिनीचा लोगो कायमचा उमटलेला असतो. खोल्यांतला संच 'हॉटेल मोड'मध्ये अडकवलेला असतो, त्यात आवाज एका हद्दीपुढे जात नाही आणि इनपुटही बदलता येत नाही. हा मोड काढता येतो, पण विकणाऱ्याकडूनच काढून घ्या. खोलीतला संच त्यातल्या त्यात बरा, कारण पर्यटक टीव्ही कमी पाहतात.

संच किती तास चालला हे बऱ्याच मॉडेलांत सर्व्हिस मेनूमध्ये नोंदलेले असते. तो मेनू मेकॅनिककडून उघडून घ्या, आकडा वाचा आणि बाहेर पडा. आतल्या इतर आकड्यांना हात लावू नका.

जागा आणि भिंत

५० इंची प्लाझ्मा साधारण २५ ते ३५ किलोंचा असतो, जुने संच त्याहून जड. गोव्यातली बरीच घरे चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा दिसायला दणकट, पण आत सच्छिद्र आणि मऊ असतो. विटेच्या भिंतीसाठी मिळणारे प्लास्टिकचे प्लग त्यात नीट पकडत नाहीत. ड्रिल फिरताना लाल भुकटी भसाभस बाहेर येऊ लागली आणि भोक हवे त्यापेक्षा मोठे झाले की समजा, हा प्लग वजन धरणार नाही. पावसाळ्यात भिंत ओल धरते, तेव्हा पकड आणखी ढिली होते.

यावर तीन वाटा आहेत. भिंतीला आरपार भोक पाडून पलीकडे लोखंडी पट्टी देऊन बोल्ट कसणे ही सर्वांत पक्की. केमिकल अँकर, म्हणजे भोकात घट्ट होणारा चिकट मसाला, भरून बोल्ट बसवणे ही दुसरी. दाराच्या किंवा खिडकीच्या वर काँक्रीटचा लिंटेल असेल तर ब्रॅकेटचा भार त्यावर घेणे ही तिसरी, पण मग टीव्ही फार वर जातो आणि मान दुखते. मला विचाराल तर लाकडी, रुंद, जमिनीवर नीट टेकलेले स्टँड सर्वांत बरे. पाली आणि मुंग्या यांचा विचार करूनही संच भिंतीला चिकटवू नका. मागे किमान १० सेंटिमीटर मोकळे ठेवा, म्हणजे हवाही खेळेल आणि हातात ब्रश घेऊन साफही करता येईल.

खिडकीच्या समोर टीव्ही ठेवू नका. प्लाझ्माची काच आरशासारखी चकाकते. दुपारी बाल्कांवाकडचा (पुढच्या ओसरीकडचा) उजेड समोरून आला की चित्रापेक्षा आपणच जास्त दिसतो. खिडकी बाजूला येईल अशी जागा निवडा आणि जाड पडदा लावा.

बसण्याचे अंतर पडद्यावरच्या ठिपक्यांवर ठरते. ५० इंची पडद्याची उंची सुमारे ६२ सेंटिमीटर. तो फुल एचडी असेल तर साधारण दोन मीटरवरून सगळा तपशील दिसतो आणि ठिपके मात्र वेगळे दिसत नाहीत. ७६८ ओळींचा एचडी रेडी असेल तर पावणेतीन मीटर मागे बसा. जुन्या घरांतले हॉल लांब असतात, तिथे ७६८ ओळींचा संचही अगदी छान दिसतो, त्याच्या नावाने नाक मुरडू नये.

पावसाळा

गोव्यात प्लाझ्मा टिकतो की जातो हे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ठरते. भिंतीला हात लावला तरी ओल लागते, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, मग मागून जाळीदार असलेल्या टीव्हीत ती जाणारच. बोर्डांना जोडणाऱ्या पट्टीच्या केबलींचे सांधे ओलाव्याने गंजतात. किनाऱ्याजवळ हवेतले मीठही त्यांना खाते.

मांद्र्याच्या एका घरातला ५० इंची संच उघडला जाताना मी शेजारी उभा होतो. तक्रार होती की खालचा अर्धा पडदा मधूनच काळा होतो. मागचे झाकण निघाले तेव्हा स्क्रूंच्या डोक्यांवर पांढरट भुकटी जमलेली होती. मेकॅनिकने बफर बोर्डाची पट्टी अलगद काढून टॉर्चखाली धरली. सोनेरी दातांच्या रांगेत एका टोकाचे पाच-सहा दात हिरवे पडले होते. त्याने पेन्सिलीच्या खोडरबराने ते हलके घासले, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, सॉकेटही साफ केले आणि पट्टी परत बसवली. पडदा पूर्ण उजळला. एकही भाग बदलावा लागला नाही. तोच संच दुसऱ्या कोणी 'पॅनेल गेले' म्हणून भंगारात काढला असता.

म्हणून पावसाळ्यात टीव्ही बंद ठेवून जपणे हे उलटे काम आहे. तो रोज, निदान एक दिवसाआड, अर्धा-पाऊण तास लावा. प्लाझ्मा चांगला तापतो आणि ती ऊब आतला ओलावा बाहेर काढते. वर प्लास्टिक घालू नका, ओल आतच कोंडते. सुती चादर चालेल, तीही संच पूर्ण थंड झाल्यावर.

घर महिना-दोन महिने बंद असेल, मुंबई-पुण्याहून चवथीलाच (गणेश चतुर्थीला) येणे होत असेल, तर आल्या आल्या टीव्ही लावू नका. खिडक्या उघडा, पंखा चालू करा, शक्य असल्यास एसी चालवून खोली एक दिवस सुकू द्या आणि मगच बटण दाबा. एसीचा झोत थेट टीव्हीवर येऊ देऊ नका. गार झालेल्या पडद्याला बाहेरची दमट हवा लागली की त्यावर दव जमते.

काही जुन्या संचांत पुढची संरक्षक काच आणि पॅनेल यांच्यामध्ये फट असते. त्यात धूसर डाग किंवा बुरशीची नक्षी दिसली तर बाहेरून पुसून जाणार नाही. संच उघडून ती काच काढावी लागते आणि ते मेकॅनिकचेच काम. नंतरच्या मॉडेलांत फिल्टरची फिल्म थेट पॅनेललाच चिकटवलेली असते, तिथे हा त्रास नाही.

पडदा पुसायला मऊ मायक्रोफायबर कापड पुरते. डाग चिवट असेल तर कापड डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओले करा. काचा पुसायचे निळे द्रावण, स्पिरिट, कोलीनसारखे काहीही नको, चकाकी कमी करणारा थर त्याने निघतो. मागच्या जाळ्यांवरची धूळ व्हॅक्युम क्लिनरचा ब्रश लावून काढा, संचाचा प्लग काढून.

वीज

मेच्या अखेरीस पाऊस यायच्या आधी आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये तो परतताना गडगडाट होतो. संचांचे बोर्ड जास्त करून याच दिवसांत जळतात. भिंतीतला प्लग काढला की सुटलो असे वाटते, पण वीज डिशच्या किंवा केबलच्या तारेतून, नाहीतर इंटरनेटच्या तारेतूनही आत येते. आभाळ भरून आले की तिन्ही तारा काढा: विजेची, डिशची, इंटरनेटची. सेट-टॉप बॉक्स डिशला जोडलेला ठेवायचा असेल तर निदान त्याची एचडीएमआय केबल टीव्हीतून काढा. डोक्यावर कडकडाट चालू झाल्यावर मात्र तारांना हात लावू नका, आधी काढा किंवा राहू द्या.

स्पाइक गार्ड लावा, पण त्यामागे अर्थिंग चांगले असेल तरच त्याचा उपयोग. जांभ्याच्या कोरड्या जमिनीत उन्हाळ्याच्या शेवटी अर्थिंग कमकुवत होते. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला आणि पावसाआधी वायरमनकडून एकदा मोजून घ्या. गावात व्होल्टेज फार खालीवर होत असेल तर टीव्हीसाठी वेगळा स्टॅबिलायझर घ्या, संचाच्या मागच्या पट्टीवरचे वॅट पाहून त्याहून मोठा. बत्ती गेली की भिंतीवरचे बटण बंद करा आणि आल्यावर पाच मिनिटांनी चालू करा. परत येणारी वीज पहिल्या क्षणी उसळून येते. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर प्लाझ्मा चालवू नका. बॅटरी भराभर उतरतेच, वीजपुरवठ्याच्या बोर्डालाही ते मानवत नाही.

बिलाचा हिशेब सांगायला हवा. सरासरी २५० वॅट धरले आणि रोज सहा तास, तर महिन्याला ४५ युनिट. तेवढ्याच आकाराचा एलईडी १०० वॅटचा धरला तर १८ युनिट. दिवसभर घरात टीव्ही चालू असतो अशांना हा फरक जाणवेल. त्यांनी दिवसाच्या बातम्यांसाठी लहान एलईडी ठेवावा आणि प्लाझ्मा संध्याकाळसाठी राखावा. लोगोपासूनही तो आपोआप वाचतो.

चित्राची जुळवणी

दुकानात उठून दिसावा म्हणून ठेवलेला 'डायनॅमिक' मोड बऱ्याच घरांत आजही तसाच असतो. तो आधी काढा. 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा असेल तर 'टीएचएक्स' मोड घ्या. पहिल्या दिवशी चित्र पिवळसर आणि मंद वाटेल. दोन-तीन संध्याकाळी डोळ्यांना द्या, मग चेहऱ्यांचे रंग खरे वाटू लागतात. नंतर जुना मोड लावून पाहिलात तर चेहरे निळे पडल्यासारखे दिसतील.

पुढचा क्रम असा ठेवा. रात्रीचे दृश्य असलेला सिनेमा लावून एका जागी थोडा वेळ थांबवा. 'ब्राइटनेस' इतका खाली आणा की काळे केस आणि काळा कोट एकच होतील, मग त्यांच्या घड्या नुकत्याच दिसू लागेपर्यंत वर न्या. 'कॉन्ट्रास्ट'साठी पांढऱ्या सदऱ्याचे दृश्य घ्या, सदऱ्याच्या शिवणी दिसेनाशा झाल्या की दोन पायऱ्या मागे या. 'शार्पनेस' जवळजवळ शून्यावर आणा. रंगतापमान 'वॉर्म' ठेवा. आवाजासारखे चित्र रोज कमीजास्त करायचे नसते, एकदा जुळले की राहू द्या.

मग चित्राचा आकार. बहुतेक संच चित्राच्या कडा कापून ते ताणतात आणि तपशील बोथट होतो. सॅमसंगवर 'स्क्रीन फिट', एलजीवर 'जस्ट स्कॅन' निवडा, पॅनासॉनिकवर ओव्हरस्कॅन बंद करा. एका मिनिटाचे काम, पण एचडी वाहिनीवर फरक लगेच दिसतो.

भरपूर पांढऱ्या दृश्यात, बर्फात किंवा जाहिरातीत, पडदा एकदम मंद होतो अशी तक्रार बरेचजण करतात. तो बिघाड नाही. सगळे ठिपके एकदम पेटले की वीज मर्यादेत राहावी म्हणून संच स्वतःच उजेड उतरवतो. म्हणूनच भर दुपारी क्रिकेटला प्लाझ्मा फिका पडतो आणि रात्री त्याला तोड नसते.

स्ट्रीमिंग स्टिक एचडीएमआयला जोडता येते. स्टिकच्या सेटिंगमध्ये १०८०पी ठरवून द्या, एचडीआर बंद करा आणि 'मॅच फ्रेम रेट' असेल तर चालू करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि चांगले प्लाझ्मा संच तो त्याच तालात दाखवतात, कॅमेरा आडवा फिरताना मग धक्के बसत नाहीत. चित्र धुरकट, काळा राखाडी वाटला तर एचडीएमआयची 'ब्लॅक लेव्हल' एकदा बदलून पाहा. आवाज साउंडबारला न्यायचा असून एआरसी (एचडीएमआयमधूनच आवाज बाहेर नेणारी सोय) नसेल तर मागच्या ऑप्टिकल जोडणीतून घ्या.

डाग: तात्पुरता की कायमचा

वाहिनी बदलल्यावर आधीच्या लोगोची पुसट सावली दिसली म्हणून घाबरू नका. पडद्यातल्या बारीक खोल्यांमध्ये थोडा विद्युतभार उरतो, हलते चित्र पूर्ण पडद्यावर तासभर लावले की ती जाते. बरेच तास लावूनही जात नसेल तर फॉस्फर झिजलेला आहे.

आपल्याकडे हा धोका नेमका कुठे आहे? सकाळी लावलेली मराठी बातम्यांची वाहिनी, जिच्या तळाला दोन-दोन पट्ट्या असतात, दुपारपर्यंत बदलत नाही. आयपीएलच्या दोन महिन्यांत धावफलक रोज रात्री चार तास एकाच जागी. चवथीला घुमट आरतीची किंवा भजनाची ध्वनिचित्रफीत लावून सगळे गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली बसलेले असतात आणि थांबवलेल्या चित्रावर 'पॉज'ची खूण तासभर तशीच. केबलच्या बॉक्सवरचे स्थिर मेनूही यातच आले. बातम्या पाहू नका असे मी म्हणणार नाही. सलग तासापेक्षा जास्त एक वाहिनी नको, कॉन्ट्रास्ट खाली ठेवा, आणि दिवसात एक सिनेमा किंवा मालिका पूर्ण पडद्यावर चालू द्या. जुन्या चौकोनी कार्यक्रमांना बाजूचे पट्टे काळ्याऐवजी राखाडी ठेवायची सोय असेल तर तीच निवडा.

मेनूत संरक्षणाची सोय असते. पॅनासॉनिकवर 'पिक्सेल ऑर्बिटर', सॅमसंगवर 'पिक्सेल शिफ्ट', एलजीवर 'ऑर्बिटर' कायम चालू ठेवा. चित्र अगदी किंचित सरकत राहते, डोळ्यांना कळत नाही. 'स्क्रोलिंग' किंवा 'व्हाइट वॉश' मात्र औषधासारखे क्वचित वापरा. ते सगळा पडदाच घासून सारखा करायचा प्रयत्न करते, म्हणजे चांगल्या भागाचेही आयुष्य खर्च होते.

बिघाड झाला तर

संच चालूच होत नाही आणि लाल दिवा लुकलुकतो, तेव्हा किती वेळा लुकलुकून थांबतो ते मोजा आणि तो आकडा मॉडेल क्रमांकासह मेकॅनिकला फोनवर सांगा. अनेक संच त्या आकड्यातून दोषी बोर्ड कोणता ते सांगतात. टकटक आवाज येऊन बंद पडत असेल किंवा चालू व्हायला रोज जास्त वेळ लागत असेल, तर वीजपुरवठ्याचे कपॅसिटर फुगलेले असण्याची शक्यता मोठी. हे काम स्वस्तात होते. चित्र नाही पण आवाज आहे, तर सस्टेन बोर्डांकडे, म्हणजे पडदा उजळत ठेवणारे झटके देणाऱ्या बोर्डांकडे, संशय जातो. मंद गुणगुण प्लाझ्माची नेहमीचीच, तिच्यामागे लागू नका.

झाकण स्वतः उघडू नका, हे मी कळकळीने सांगतो. सस्टेन बोर्डांवर सुमारे २०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यानंतरही मोठे कपॅसिटर भार धरून ठेवतात. मेकॅनिक निवडताना एक खूण पाहा. पॅनेलच्या मागे एक लहान कागदी पट्टी असते, त्यावर त्या पॅनेलसाठीची व्होल्टेज छापलेली असतात, 'व्हीएस', 'व्हीए' अशी. बोर्ड बदलल्यावर मीटर लावून त्या पट्टीवरचे आकडे जुळवणारा मेकॅनिक मिळाला तर त्याला सोडू नका. न जुळवता झाकण लावणाऱ्याने बसवलेला बोर्ड बहुधा पुन्हा जातो, नाहीतर काळ्यावर ठिणग्या दिसू लागतात.

नवे बोर्ड आता बनत नाहीत, बाजारात फिरतात ते जुन्या संचांतून काढलेलेच. त्यामुळे बोर्डावरचा पूर्ण क्रमांक जुळतो का ते पाहूनच घ्या, दिसायला सारखा असणे पुरेसे नाही. महिनाभराची तरी हमी मागा.

नेआण करताना संच उभाच ठेवा. मोठी काच आडवी पडली की गाडीच्या हादऱ्यांनी मध्ये वाकते आणि तडकते, आणि पॅनेल तडकले की काम संपले. दोन माणसे, खाली जाड गोधडी, पडद्याच्या बाजूला कशाचाही दाब नाही. टेम्पोवाल्याला घाई असेल तर दुसरा टेम्पो बघा.

पॅनेल गेलेच असेल तर भंगारवाल्याला आख्खा संच देऊ नका. जुन्या पॅनेलांच्या काचेच्या थरांत शिसे असते आणि ते फोडून परसात टाकणे विहिरीच्या पाण्यासाठी वाईट. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यांनुसार तो अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवा. त्याआधी ओळखीच्या मेकॅनिकला बोलावून वीजपुरवठ्याचा बोर्ड, सस्टेन आणि बफर बोर्ड, मेन बोर्ड आणि सगळ्या पट्ट्यांच्या केबली काढून घ्यायला सांगा. प्रत्येक बोर्डावर मॉडेल क्रमांकाची चिठ्ठी चिकटवा आणि रिमोटही त्यालाच द्या. त्याच मॉडेलचा धड पॅनेलचा संच घेऊन कोणीतरी त्याच्याकडे नक्की येईल.